स्मूदनिंग सोडलं, आता माझे मूळचे केस कसे आहेत?

प्रश्न : मी मूळची रत्नागिरीची. नोकरीनिमित्त बेंगळुरूत, सर्जापूर रोडला राहते. कॉलेजात असल्यापासून दरवर्षी स्मूदनिंग करत आले. शेवटचं करून नऊ महिने झाले आणि यापुढे करायचं नाही असं ठरवलंय. पण मुळाशी जे केस येताहेत, त्यांचा काही अंदाजच लागत नाही. मानेवर बारीक वेटोळी आहेत, टाळूवर नुसते फुगलेले आणि कपाळाजवळ जवळजवळ सरळ. एक मैत्रीण म्हणते ‘टू-सी’, दुसरी म्हणते ‘थ्री-ए’. पार्लरमधल्या ताईंचं म्हणणं, इतकी वर्षं केमिकल लावल्यावर कुरळेपणा मरतो, पुन्हा स्मूदनिंग करण्यावाचून इलाज नाही. गणपतीला घरी गेले तेव्हा हेच केस आणखी वेगळे दिसत होते. माझे मूळचे केस कसे आहेत, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : आधी पार्लरमधल्या ताईंचं बोलणं मनातून काढून टाका. केस सरळ येणार की कुरळे, हे टाळूच्या आत ठरतं. कुरळ्या केसाचं मूळ त्वचेत वाकडं रुतलेलं असतं आणि त्या मुळात केसाच्या दोन बाजू सारख्या घडत नाहीत, म्हणून केस बाहेर पडतानाच वळण घेऊन येतो. स्मूदनिंगचं क्रीम काम करतं ते बाहेर आलेल्या, निर्जीव केसावर. टाळू भाजून जखम झाली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. गेले नऊ महिने तुमच्या डोक्यावर येताहेत ते तुमचेच मूळचे केस आहेत. लहानपणी तुमचे केस जसे होते अगदी तसेच ते असतील, अशी खात्री मात्र देता येत नाही. वयात येताना, बाळंतपणानंतर, पाळी जाताना किंवा थायरॉइडच्या तक्रारीत केसांचं वळण बदलू शकतं. तेव्हा शाळेतले फोटो जरूर काढून बघा, पण त्यांवर सगळा हवाला ठेवू नका. शिवाय आपल्याकडे शाळेतल्या फोटोत केस दिसतात कुठे? तेल चोपडून, चापूनचोपून विंचरून घातलेल्या दोन वेण्या दिसतात. आपले केस कुरळे आहेत हे कित्येक मराठी मुलींना विशीपर्यंत कळत नाही, ते यामुळेच.

आता तुम्ही नेमकं काय करून घेत होतात ते बघू, कारण पार्लरच्या पाटीवर तीन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात. स्मूदनिंग आणि रिबाँडिंग या एकाच घरातल्या. यांत बहुधा थायोग्लायकोलेट वापरतात. केसाच्या आत गंधकाचे जे जोड असतात ते या रसायनाने तुटतात, मग गरम इस्त्रीने केस सरळ केला जातो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून जोड पुन्हा बसवले जातात, पण सरळ आकारात. आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया अनेक दशकं जे ‘रिलॅक्सर’ वापरत आल्या, त्यांत सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र क्षार असतो आणि तो हे जोड कायमचेच बदलून टाकतो. दोन्हींत सरळ झालेला भाग पुन्हा पहिल्यासारखा कुरळा होत नाही. तो वाढून कापला जाईपर्यंत सरळच राहतो आणि मुळाकडून येणाऱ्या नव्या केसाशी त्याची एक सीमारेषा तयार होते. ‘केराटिन’ म्हणून जे करतात ते वेगळं. त्याचा बराचसा परिणाम धुण्याधुण्यात काही महिन्यांत उतरतो आणि तिथे अशी रेषा सापडत नाही. तुम्ही स्मूदनिंग म्हणता, म्हणजे तुमच्या केसांवर रेषा असणार. रेषेच्या वरचाच भाग बघायचा, खालच्या भागावरून काहीही ठरवायचं नाही.

खरा मुद्दा आहे लांबीचा. टाळूवरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे नऊ महिन्यांत तुमच्या डोक्यावर जेमतेम अकरा सेंटिमीटर नवा केस आहे. पेन्सिलीच्या जाडीचं, म्हणजे सातेक मिलिमीटर व्यासाचं वेटोळं पुरं व्हायला दोन-सव्वादोन सेंटिमीटर केस लागतो. तो दोन महिन्यांत येतो. म्हणून मानेवरची वेटोळी तुम्हाला इतक्या लवकर दिसली. दहाच्या नाण्याएवढ्या वळणाचं गणित निराळं आहे. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, त्याच्याभोवती एक फेरा घ्यायचा तर साडेआठ सेंटिमीटर केस हवा, म्हणजे सात महिने. त्याहून मोठ्या, सैल लाटेला तर वर्ष उलटतं. सगळ्यात सैल वळणाचे केस सगळ्यात शेवटी ओळखू येतात. तोवर ते फुगलेले, राठ, धड सरळ नाहीत आणि धड कुरळे नाहीत असे दिसतात. याच टप्प्यावर कंटाळून बहुतेक जणी पुन्हा पार्लर गाठतात. तुमचे टाळूवरचे केस नेमके तिथे आहेत.

इतकं थांबायचं नसेल तर घरी एक तपासणी करता येते आणि ती फोटोपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. न्हाताना किंवा विंचरताना गळलेले केस जमवा. ज्या टोकाला पांढरी बारीक गाठ दिसते ते मुळाचं टोक. पांढऱ्या ताटात बोटभर पाणी घेऊन त्यात केस अलगद सोडा आणि पाच-दहा मिनिटं हात लावू नका. इस्त्रीने, वेणीने किंवा रबरबँडने आलेला तात्पुरता आकार पाण्यात सुटतो, केसावर स्वतःचं वजनही राहत नाही आणि त्याचं खरं वळण समोर येतं. गाठीकडून काही सेंटिमीटर कमान दिसेल, मग एका जागी कमान संपून केस सुतासारखा सरळ होईल. ती जागा म्हणजे तुमची सीमारेषा. आता त्या कमानीखाली पाण्यातच दहाचं नाणं ठेवून बघा. कमान नाण्याच्या कडेशी जुळते का, आत जाते की बाहेर पडते? पूर्ण वेटोळं नसलं तरी नुसत्या कमानीवरून व्यास कळतो. मान, टाळू, कानामागे आणि कपाळ अशा चार ठिकाणचे केस वेगवेगळ्या दिवशी तपासा. गळलेला केस कुठला हे कळत नसेल तर त्या जागेवरून हलकेच बोट फिरवा. एक-दोन सैल केस हाताला लागतातच.

हे मी मनाने सांगत नाही. २००७ साली लॉरेआलच्या संशोधकांनी जगभरच्या माणसांचे केस तपासून त्यांचे आठ गट केले. त्या वर्गीकरणात पहिलं माप वळणाच्या व्यासाचंच आहे. तुमच्या मैत्रिणी ज्या ‘टू-सी’, ‘थ्री-ए’च्या गोष्टी करतात ती पद्धत आंद्रे वॉकर यांची. ते ओप्रा विन्फ्रे यांचे तेव्हाचे केशभूषाकार. १९९०च्या दशकात त्यांनी केसांचे सरळ, लाटेचे, कुरळे आणि अगदी घट्ट वेटोळ्यांचे असे चार प्रकार मांडले. अक्षरं म्हणजे त्यांतले पोटप्रकार. दुकानात बाटली निवडताना ती उपयोगी पडते. पण ती डोळ्यांच्या अंदाजावर चालते आणि एका डोक्याला एकच नाव देते, तर बहुतेक कुरळ्या डोक्यांवर दोन-तीन प्रकार एकत्र नांदत असतात. मानेवर घट्ट, टाळूवर सैल आणि कपाळाजवळ आणखी सैल, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. तुमचं डोकं बिघडलेलं नाही. एक मात्र स्वतःला विचारा : ऑफिसला जाताना पुढच्या बटांवर अजून इस्त्री फिरवता का? फिरवत असाल तर कपाळाजवळच्या केसांबद्दल आज काहीच सांगता येणार नाही. निदान महिना-दोन महिने ती बंद ठेवा.

आता बेंगळुरू आणि रत्नागिरी. शहराच्या मध्यभागी कावेरीचं पाणी येतं. ते शंभरेक किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळीहून उपसून आणतात. तुमच्या भागात मात्र वर्षानुवर्षं बोअरवेल आणि टँकरवर भिस्त आहे. २०२४च्या उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईत ती किती, हे सगळ्या देशाने पाहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला तो शहराच्या कडेच्या ११० गावांसाठी. तरीही प्रत्येक सोसायटीच्या टाकीत आज काय पडतं, हे सोसायटीलाच विचारावं लागतं. बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात. रसायन लावलेला केस हे क्षार निरोगी केसापेक्षा जास्त ओढून घेतो. म्हणून तुमचा खालचा सरळ भाग काथ्यासारखा कडक लागत असेल आणि त्याच्या ओढीने वरचं वळणही सैल पडत असेल. महिन्यातून एकदा, बाटलीवर ‘ईडीटीए’ लिहिलेल्या क्लॅरिफायिंग शॅम्पूने न्हाऊन मग केस बघा. पावसाळ्यात गच्चीवर बादली ठेवून पावसाचं पाणी मिळालं तर त्याने एकदा न्हाऊन बघाच. ते अगदी मऊ असतं.

रत्नागिरीची गोष्ट हवेची. कोकणातल्या दमट हवेतून केस ओलावा शोषतो, तात्पुरता बसवलेला आकार सुटतो आणि मूळचं वळण उफाळून वर येतं. बेंगळुरूच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या कोरड्या हवेत तेच केस आक्रसल्यासारखे, विस्कटलेले वाटतात. खरे केस दोन्हीकडचे. तुलना करायचीच असेल तर एकाच जागी, एकाच पद्धतीने न्हाऊन करा.

न्हाण्याची पद्धत सांगते. कंडिशनर लावलेला असतानाच, केस चिंब ओले असताना मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढा, टोकाकडून सुरुवात करून वर या. सीमारेषेवर केस सगळ्यात नाजूक असतो, तिथे फणी ओढली की तुटलाच. पाणी ओतल्यानंतर पुन्हा फणी नाही. टर्किश टॉवेलऐवजी घरातला जुना पंचा घ्या आणि केस न चोळता तळहातात धरून दाबा. मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. असे वाळलेले केसच बघण्याजोगे. अंबाड्यातून किंवा वेणीतून सोडलेल्या केसांच्या लाटा वेणीच्या असतात, त्यावरून फसू नका.

वळण धरून ठेवायला बाजारातलं महागडं जेल लागतंच असं नाही. चटणीसाठी डब्यात जवस असेलच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवा. चमच्यावरून तार सुटू लागली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर एक थेंब निघणार नाही. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या. तेल सोडू नका, फक्त लावण्याची वेळ बदला. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली दाखवून दिलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल लावलं की पुरे.

सगळे सरळ केस एकदम कापून टाकायचे का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. सक्ती मुळीच नाही. दर दोन-अडीच महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर कापत गेलात तरी वर्ष-दीड वर्षात रेषा बरीच खाली जाते, आणि खालचं ओझं कमी होईल तसं वरचं वळण उठून दिसायला लागतं. कापणाऱ्याला आधी विचारा, कोरडे केस कापता का? ओला कुरळा केस ताणून कापला की वाळल्यावर अपेक्षेपेक्षा बराच वर जातो.

स्मूदनिंग सोडण्याचा तुमचा निर्णय आरोग्याच्या दृष्टीनेही चांगला आहे. अमेरिकेतल्या ‘सिस्टर स्टडी’ या ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२२मध्ये आला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के, असा तो अंदाज होता. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि वर्षातून एकदा करणाऱ्या तुम्ही त्या गटात बसत नाही. तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. पण ‘केमिकल-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पर्यायांकडेही वळू नका. ग्लायॉक्सिलिक आम्ल असलेल्या क्रीमने केस सरळ केल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद २०२४मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल असा : मानेवरचे केस चांगले कुरळे आहेत, टाळूवरचे बहुधा मोठ्या वळणाचे, आणि कपाळाजवळच्यांवर इस्त्री फिरवत असाल तर ते कसे हे ती थांबवल्यावरच कळेल. पुढच्या गणपतीपर्यंत त्यांना कुठलंही नाव देऊ नका. आणि दरम्यान कुणाच्या लग्नासाठी ‘एकदाच’ सरळ करून घ्यायचा मोह झालाच, तर एवढं लक्षात ठेवा : आलेले अकरा सेंटिमीटर त्या एका दुपारी जातील आणि तेवढेच पुन्हा यायला नऊ महिने लागतील.