‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळं व्हावं का?

प्रश्न : 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे आमच्या शहापूर तालुक्यात सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं आणि 20 जण गेले. बहुतेक परराज्यातले. आपल्या ख्रिस्ती उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना करावी का? ‘देवाची इच्छा’ म्हणावं का? – एक वाचक, शहापूर

उत्तर : प्रार्थना जरूर करा, कोण कुठल्या धर्माचा, हे विचारायचं कारणच नाही. मात्र ‘देवाची इच्छा’ एवढ्यावर विषय मिटवू नका. लूकच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय काढा. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशूनं स्पष्ट ‘नाही’ म्हटलं आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितलं. यंत्राची तपासणी, कामाची घाई, देखरेख ही माणसांची जबाबदारी. ती देवाच्या माथी मारणं मला तरी भक्ती वाटत नाही.

कॅथलिक असाल तर मृतांसाठी मिस्सा अर्पण करता येईल. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा मृतांसाठी नव्हे, मागे राहिलेल्यांसाठी विनवणी करतात. कुठल्याही पंथाचे असा, स्तोत्रसंहितेतलं विलापाचं 13वं स्तोत्र वाचा. त्यात देवाला जाब विचारलाय, तोही भर प्रार्थनेत! (आपल्याकडे मात्र लगेच सांत्वनाचं भाषण सुरू होतं.) बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. आणि रात्रपाळीला उंचावर चढणाऱ्या मजुरांची नावंही त्याच प्रार्थनेत घ्या. त्यासाठी आधी त्यांच्या वस्तीवर जाऊन ती विचारावी लागतील.