शेवटची सलाईन संपली, उपचार संपलेले नाहीत

स्तनाच्या कर्करोगात केमो आणि ऑपरेशन झाले की घरच्यांना वाटते, सुटलो. पुढचा टप्पा अर्ध्यावर सोडला जातो तो नेमका इथेच. या वेळी त्याविषयीच्या पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : नागपूरला पत्नीला आधी केमो दिला, मग स्तन काढला. टाके सुकले. आता शेक घ्यायला तीन आठवडे राहा म्हणतात. गाठ तर निघाली, मग शेक कशाला? रोवणी तोंडावर आहे. पोळ्यानंतर नेले तर चालेल का? – एक शेतकरी, मूल तालुका

उत्तर : नाही भाऊ, पोळ्यापर्यंत थांबू नका. ऑपरेशनमध्ये दिसणारा रोग निघतो. छातीच्या भिंतीवर, काखेत, गळ्याजवळच्या हाडाच्या वर डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. शेक, म्हणजे रेडिएशन, त्यांच्यासाठी आहे. आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक विश्लेषण छापले गेले. स्तन काढलेल्या आणि काखेतल्या एक ते तीन गाठींत रोग असलेल्या स्त्रियांना शेक दिला नाही, तेव्हा दहा वर्षांत छातीवर किंवा काखेत रोग परतण्याचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. शेक दिलेल्यांत ते ४ टक्क्यांच्या आत राहिले. प्रत्येकीचा धोका वेगळा असतो. तुमच्या पत्नीला शेक हवा, हे डॉक्टरांनी केमोआधीचा रोग आणि ऑपरेशननंतरचा रिपोर्ट पाहून ठरवले आहे.

ऑपरेशननंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत शेक सुरू व्हावा. जखम भरली नसती तर मीच थांबा म्हटले असते. टाके सुकलेत, मग कारण उरत नाही. पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा जावे लागे, आता बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत १५ वेळा पुरते. यंत्राखाली काही मिनिटे पडून राहायचे, दुखत नाही. बाहेरून दिलेल्या या किरणांचा अंश अंगात राहत नाही, त्यामुळे घरातल्या लेकरांना जवळ घ्यायला हरकत नाही. कातडी काळवंडते, थकवा येतो, दोन्ही ओसरतात. शनिवार-रविवारी बहुधा सुट्टी असते, तेव्हा गावी येऊन जा. मात्र मधले दिवस रोवणीसाठी चुकवू नका.

जाण्याआधी चंद्रपुरात टाटा ट्रस्टच्या सहभागातून उभारलेल्या कर्करोग रुग्णालयात विचारा, ही सोय तिथे होते का. नागपूरलाच जावे लागले तर राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेने जाणार असाल तर रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्या. स्लीपर डब्यात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते.

रोवणीला मजूर मिळेल, उसनवारीने गडी मिळेल. हे आठवडे मात्र पुन्हा मिळायचे नाहीत.

प्रश्न : ऑपरेशनला वर्ष झाले. त्या बाजूचा हात सुजला आहे. गावात म्हणतात हत्तीरोग आहे, गोळ्या खा. तेंदूपत्ता तोडायला जाऊ का? – एक भगिनी, आरमोरी तालुका

उत्तर : ताई, आपल्या जिल्ह्यांत हत्तीरोग आहेच, म्हणून गावाने तसे म्हणणे साहजिक आहे. पण ऑपरेशनच्याच बाजूचा हात सुजला, तर पहिला संशय काखेतल्या गाठी काढल्याचा घ्यायचा. त्या गाठींतून हाताचे पाणी वाहून जाते. वाट तुटली की ते साचते. हत्तीरोगाच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. शंका राहिलीच तर रात्री रक्त तपासून घ्या. आधी मात्र ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना हात आणि काख दाखवा, कारण काखेत रोग परतला तरी हात सुजू शकतो.

सूज साचलेल्या पाण्याचीच निघाली तर फिजिओथेरपिस्टकडून मालिश, व्यायाम आणि दाबाची बाही शिकून घ्या. हात गळ्यात बांधून ठेवू नका, वापरात ठेवा. काम हळूहळू वाढवले तर अपाय होत नाही.

तेंदूपत्त्याला जा, पण पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून. डोक्यावरचा भार दुसऱ्याला द्या. या हाताला खरी भीती काट्याची, विळ्याच्या कापाची, चिखलातल्या जखमेची आहे. ओरखडा आला की साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर मलेरियासाठी रक्त तपासाच, पण त्याच वेळी डॉक्टरांना हातही दाखवा. हा हातातला जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी अँटिबायोटिक लागते.

प्रश्न : सासूबाई दोन वर्षांपासून टॅमॉक्सिफेन घेतात. पाळी कधीच बंद झाली, तरी अंगावरून लाल जाते. डॉक्टरांना सांगायला लाजतात. गोळी बंद करू का? – एक सून, गडचिरोली

उत्तर : सूनबाई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. गोळी मनाने बंद करू नका, पण याच आठवड्यात त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ शकते. क्वचित तिथे कर्करोगही होतो. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासला की कळते. कारण साधे असेल तर गोळी चालू राहते, नाहीतर लेट्रोझोलसारखी दुसरी देता येते.

लाजेचे म्हणाल, तर डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत केलेले सर्वेक्षण १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासून घेतलेल्या फक्त ८ टक्के होत्या. सासूबाईंना हे वाचून दाखवा. लेडी डॉक्टर मागायचा त्यांना अधिकार आहे.

ही गोळी निदान पाच वर्षे घ्यायची असते. ‘बरे वाटते’ म्हणून किंवा जडीबुटी मिळाली म्हणून ती सोडलेली मी पाहते, आणि रोग परतल्यावर त्याच बाया पुन्हा समोर येतात, तेव्हा फार वाईट वाटते. अंगाची आग होते, सांधे दुखतात, हे सांगा. त्यावर उपाय आहेत. पोटरी एकाएकी सुजली, दम लागला तर लगेच दवाखाना गाठा, कारण या गोळीने रक्ताची गुठळी होऊ शकते. घरात सिकलसेल असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

तिघांनाही एक सांगणे आहे. बायोप्सी, ऑपरेशन आणि केमोचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक भेटीला ती पिशवी सोबत न्या.