लग्नालाही ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात

खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मिलिटरीतून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला: “बॉर्डरवर होतास ना?” मी टेबलावर होतो. १९८४ साली भरती झालो, अठ्ठावीस वर्षांनी नायब सुभेदार होऊन घरी आलो. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या सेंटरात गेली. काम क्लार्कचं. बंदूक हातात आली ती फायरिंग रेंजवर जायची पाळी आली तेव्हा, एरवी टाइपरायटर आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटर. गावाच्या लेखी ही काही मिलिटरी नव्हे. पण शिकलो ते याच टेबलावर.

१. पार्ट वन सगळे वाचतात, आयुष्य पार्ट टूमध्ये असतं.

युनिटचे हुकूम दोन भागांत निघतात. पार्ट वन ऑर्डर म्हणजे उद्याची परेड किती वाजता, ड्रेस कोणता, ड्यूटीवर कोण. संध्याकाळी नोटीस बोर्डापुढे गर्दी होते ती याच्यासाठी. पार्ट टूकडे सहसा कुणी फिरकत नाही. त्यात कोण रजेवर गेला, कोण परतला, कुणाला बढती, कुणाची बदली, कुणाचं लग्न, कुणाला मूल झालं, हे सगळं नंबर घालून लिहिलेलं असतं. पगार, क्वार्टर, पुढे पेन्शन, सगळं त्या कागदावरून ठरतं. आणि या प्रत्येक नोंदीला लष्करी भाषेत म्हणतात कॅज्युअल्टी.

हे मला माहीत नव्हतं. नवा होतो, विशीही उलटली नव्हती. हेड क्लार्क साब म्हणाले, “आज सात कॅज्युअल्टी आहेत, संध्याकाळपर्यंत टाइप कर.” माझे हात गार पडले. कागद घेतला तर दोघं रजेवर निघालेले, तिघं रजेवरून परतलेले, एकाचं लग्न आणि एकाला मुलगी. सात माणसं मेली असं धरून मी अर्धा तास बसलो होतो. ही गोष्ट ऑफिसात पुढे कितीतरी वर्षं माझ्या नावावर सांगितली गेली.

२. तांदळातलं नाव आणि ऑर्डरीतलं नाव एकच हवं.

आपल्याकडे लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात जातात आणि नाव लोकांच्या तोंडी राहतं. लष्कराला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. त्याला जे नाव तुम्ही लिहून द्याल तेच तुमच्या बायकोचं नाव. जवान घाईत असतो, रजा संपत आलेली असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, लग्नपत्रिकेवर सासरचं, रेशन कार्डावर तलाठ्यानं किंवा दुकानदारानं ऐकलं तसं तिसरंच. यातलं एक कुठलं तरी पार्ट टूमध्ये जातं आणि पंचवीस-तीस वर्षं गप्प बसून राहतं.

नवरा गेला की ते बोलायला लागतं. कर्जत तालुक्यातल्या एका बाई माझ्याकडे आल्या होत्या. नवरा माझ्याच ग्रुपमधला, माझ्याहून बराच सीनियर. ऑर्डरीत नाव माहेरचं, आधारवर सासरचं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. प्रतिज्ञापत्रं, राजपत्रात नावबदल, गावच्या सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. प्रत्येक खिडकीवर बाईंना एकच प्रश्न: तुम्ही त्याच कशावरून? तेहेतीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे विचारलं जातं. खिडकीतल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे दोन कागद असतात आणि ते जुळत नसतात.

आता माझं सांगतो. दुसऱ्यांच्या शेकडो लग्नांच्या ऑर्डरी मी टाइप केल्या आणि माझ्या स्वतःच्या लग्नाची ऑर्डर मित्राला करायला सांगून गावी निघून आलो. त्यानं पत्रिका बघून नाव घातलं, जन्मतारीख अंदाजानं. ती ऑर्डर मी अकरा वर्षांनी वाचली. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे अकरा वर्षं पगार घेत होतात दुसरीच्या नावानं?” सुधारणेची ऑर्डर निघेपर्यंत घरात हा विषय रोज निघाला.

३. रंगरूटाची बातमी घरापर्यंत पोचायला हवी.

ट्रेनिंग सेंटरात पोरगा येतो तो काळी ट्रंक घेऊन. पहिल्या दिवशी केस जातात, दुसऱ्या दिवशी झोप जाते. पहाटे पीटी, मग ड्रिल, क्लास, संध्याकाळी खेळ, रात्री गिनती. उस्तादाचा आवाज स्वप्नातही येतो. आपल्या भागातल्या पोरांचं दुःख वेगळंच असे. लंगरमध्ये भात मिळायचा, पण तो आपला भात नव्हे, आणि सुकटीचा वासही नाही. चपात्यांचा ढीग बघून कर्जतकडचा एक पोरगा रडला होता. सहा महिन्यांत तोच पोरगा आठ चपात्या खाऊन नववी मागत होता.

सॅपरला, म्हणजे इंजिनिअर ग्रुपच्या जवानाला, पुढे पूल बांधायला शिकवतात. बेली पुलाचं एक पॅनेल अडीचशे किलोच्या वर, उचलायला सहा माणसं. एकानं खांदा चोरला की उरलेल्या पाचांना लगेच कळतं. सांगायला कुणी लागत नाही.

माझं काम त्या वेळी वेगळं होतं. कुणाच्या घरून बरेच दिवस पत्र नाही, कुणी घरी पत्र टाकलेलं नाही, याची यादी कंपनीतून यायची. पंधरा दिवसांत पत्र गेलं नाही तर पोराला समोर बसवून लिहून घ्यायचं. काय लिहू साब, असं विचारणारे बरेच. मी म्हणायचो, पाऊस लिही, जेवण लिही, पायाला फोड आला असेल तर तो सोडून बाकी सगळं लिही. आज मोबाइल आहे, पण ट्रेनिंगच्या सुरुवातीला तो सहजी हातात मिळत नाही, आणि गावात आई रोज रात्री दहा वाजता फोनकडे बघत बसते. पोरगा भरती झालेल्या आईबापांना माझं एवढंच सांगणं: पहिल्या दोन महिन्यांत फोन आला नाही तर ते वाईट लक्षण नव्हे. शिस्त चालू आहे म्हणायचं.

कसम परेडला आईबाप येतात. खोपोलीकडचे एक वडील धोतर-टोपीत आले होते. चारशे पोरं एका चालीनं समोरून गेली. “आमचा कुठला?” त्यांनी मला विचारलं. मीही सांगू शकलो नाही. शेवटी आईनं ओळखला, कानांवरून.

४. लंगरवाल्याशी आणि स्टोअरवाल्याशी वैर धरू नये. याला उदाहरणाची गरज नाही.

५. ढकलणारं इंजिन मागे असतं.

कर्जत स्टेशनवर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे सांगायला नको. पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते ती प्रवाशांना वडा खाता यावा म्हणून नव्हे. बोरघाट चढायला मागून बँकर इंजिनं लागतात. पुण्याला उतरणारा माणूस गाडीचं नाव सांगतो, बँकरचं नाव कुणी विचारत नाही. लष्करात सप्लाय, दुरुस्ती, दवाखाना, सिग्नल, क्लार्क यांचं तेच.

आमच्या सेंटरात नव्या पोरांना राम राघोबा राणे यांची गोष्ट सांगतात. कारवारकडचा माणूस, १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधा रंगरूट म्हणून आला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीच्या रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे फोडत, जखमी असतानाही रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र मिळालं, तेही जिवंतपणी. रणगाडे पुढे गेले ते राण्यांनी रस्ता मोकळा केला म्हणून. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली स्टेशनांवर लष्कराच्या इंजिनिअरांनी पादचारी पूल उभे केले, तेव्हा लोकांना वाटलं, हे यांचं काम आहे का? मला वाटलं, दुसरं कुणाचं?

उलटी गोष्ट आमच्याच तालुक्यातली. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगलांचा सरदार कारतलबखान मोठं सैन्य घेऊन घाट उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. माणसं होती, हत्यारं होती. दाट रान, अरुंद वाट, आणि पाणी नव्हतं. शिवाजी महाराजांनी नेमकी हीच जागा धरली होती. खान शरण आला, सामान टाकून परत गेला. स्मारकाला लोक जातात, तलवारीचा फोटो काढतात. मी गेलो की मनात येतं, त्याच्या फौजेत पाण्याचा हिशेब कुणाकडे होता?

६. गणपतीची रजा जानेवारीत मागावी.

नियमित सेवेतल्या जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा असते, वर कॅज्युअल रजा. कागदावर भरपूर. पण कोकणातल्या सगळ्यांना ती एकाच आठवड्यात हवी असते, आणि लावणीच्या दिवसांत पुन्हा. रजेचा आराखडा वर्षाच्या सुरुवातीला बनतो. तेव्हा झोपायचं आणि श्रावणात साहेबापुढे उभं राहायचं, हा आपला स्वभाव. मग तार यायची: ‘आई सिरीयस, ताबडतोब या.’ आमच्या कंपनीत एका पोराची आई सलग तीन वर्षं भाद्रपदातच सिरीयस झाली. चौथ्या वर्षी सुभेदार साबांनी त्याला आधीच बोलावून विचारलं, “या वर्षी माताजींची तब्येत कधी बिघडणार आहे? प्लॅनमध्ये घालतो.” तो आठ दिवस गणपतीला गेला, आणि माताजी त्या वर्षी ठणठणीत राहिल्या. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, बरं झालं.

७. डिस्चार्ज बुक देवघरात ठेवून भागत नाही.

निवृत्त माणसं ते लाल कापडात बांधून देवाजवळ ठेवतात. उघडत नाहीत. आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेवर आली आहे, प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसला प्रत्येक अक्षर जुळायला हवं असतं, हयातीचा दाखला वेळेत द्यावा लागतो. माझ्या ओटीवर रविवारी चौक, कशेळे, कडाव, वावोशी इथून माणसं येतात. दहातल्या पाचांच्या कागदात बायकोचं नाव किंवा तारीख वेगळी निघते. जवान हयात असताना रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून ते दुरुस्त करता येतं. सही त्याची, ओळख त्याची. तो गेल्यावर तेच काम बाईला करावं लागतं, आणि तिची ओळख तोच कागद नाकारत असतो.

म्हणून विनंती. आज रात्री जेवण झाल्यावर डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम आणि बायकोचं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा. तिलाच मोठ्यानं वाचायला सांगा. एक अक्षर वेगळं निघालं तरी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पेरणी सुरू व्हायच्या आधी. तिकडे जाणं जमत नसेल तर माझ्याकडे या. सोबत प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आणा, आमच्या गावातलं मशीन पावसाळ्यात बंद असतं.