वेष्टन, नासाडी आणि बेळगावचा कुंदा

बेळगावचा कुंदा व गोकाकचा करदंट या आपल्या जिल्ह्यातील दोन नामांकित मिठाया. परंतु व्यापाराच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. करदंट डिंक, सुकामेवा व गुळाचा. त्यात ओलावा कमी, म्हणून तो पुष्कळ दिवस टिकतो. कुंदा दूध व साखरेचा. त्यात ओलावा अधिक, म्हणून त्यास लवकर बुरशी येते.

बुरशीला वाढण्यासाठी प्राणवायू लागतो. त्यामुळे हवाबंद वेष्टनातील हवा काढून नायट्रोजन भरतात, किंवा आत लोहचूर्णाची लहान पुडी ठेवतात. लोखंड गंजताना उरलेला प्राणवायू शोषून घेते. मात्र काही घातक जंतू प्राणवायूशिवायही वाढतात. म्हणून स्वच्छता व थंडावा यांची जागा वेष्टन घेऊ शकत नाही.

दुसरा प्रकार पदार्थाची अवस्था सांगणाऱ्या वेष्टनाचा. पोलिओच्या लसीच्या कुपीवर १९९६ पासून अशी खूण वापरात आली. वर्तुळातील फिकट चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होतो. तो वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यावयाची. एप्रिलच्या उन्हात बेळगावहून निपाणीमार्गे कोल्हापूरला गेलेल्या डब्याला किती ऊन लागले, हे छापील तारखेला कळत नाही. अशा खुणेला कळते. शिवाय मराठी व कानडी वाचणाऱ्या दोघांनाही ती सारखीच समजेल.

आता खर्चाचा विचार करू. समजा, १०० डब्यांपैकी १० खराब होतात व एका डब्याचा उत्पादनखर्च १५० रुपये आहे. नुकसान १,५०० रुपये. नव्या वेष्टनाने खराब डबे ३ वर आले, तर १,०५० रुपये वाचतील. म्हणजे प्रत्येक डब्यामागे वेष्टनाचा जादा खर्च साडेदहा रुपयांच्या आत असेल तरच तो परवडेल. मोठ्या कारखान्यास यंत्राचा खर्च हजारो डब्यांवर विभागता येतो; दिवसाला पन्नास डबे करणाऱ्या हलवायास तो एकट्याने झेपत नाही.

यावर सहकार हाच मार्ग दिसतो. दहा हलवायांनी मिळून एक वेष्टनयंत्र घ्यावे. १९५० साली स्थापन झालेली म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आपल्याच राज्यात आहे. तिचा सल्ला घ्यावा. आपण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी या हलवायांकडे जाऊन नासाडीचा हिशेब मांडून दिला, तरी पहिले पाऊल पडेल. कारण फेकलेला माल बहुतेक दुकानांच्या वहीत लिहिलाच जात नाही, आणि जे लिहिले जात नाही ते वाचविण्याचा विचारही होत नाही.