विश्वासार्हता : शब्द आणि व्यवहार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

‘विश्वास’ आणि ‘विश्वासार्हता’ आपण एकच समजतो, पण तसे नाही. विश्वास ठेवणाऱ्याचा असतो. ‘अर्ह’ म्हणजे योग्य. म्हणून विश्वासार्हता ज्याच्यावर तो ठेवला, त्याच्या अंगी असावी लागते. बोलण्यात आपण ‘भरवशाचा माणूस’ म्हणतो, बँकेत आम्ही ‘पत’ म्हणायचो.

एक आहे आणि दुसरी नाही, तर काय होते हे महाड-पोलादपूरकरांना सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. प्रवाशांचा विश्वास पुरा होता. पूलच त्याला पात्र उरला नव्हता. म्हणजे विश्वासार्हता एकदा मिळवली की झाले, असे नाही. ती वेळोवेळी तपासावी लागते, पुलाची तशी माणसाचीही.

अवधूतांनी चोवीस गुरू केले, ते पारखून. कुणाकडून काय घ्यावे ते शिकले, कुणाकडून काय टाळावे तेही. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणे नव्हे.

‘विश्वस्त’ हा शब्द याच घराण्यातला. तेव्हा उत्सवाच्या वर्गणीची पावती कुणी मागितली, तर राग मानू नये. खरे तर मागायची वेळच येऊ देऊ नये.