खिचडीतील डाळीचा वाटा

राजुरीसारख्या गावी शाळेत खिचडीचा वास दरवळू लागला की मुलांचे चित्त पाठावरून उडते. तेव्हा खिचडीचाच पाठ घ्यावा. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, ही अपेक्षा. प्रथिनांपैकी सुमारे ७ ग्रॅम तांदळातून येतात, उरलेली बहुतेक डाळीतून. डाळ उणी पडली तरी पोट भरते. म्हणूनच ही उणीव कोणाच्या ध्यानी येत नाही. पातळ खिचडीत डाळ तळाशी बसते आणि आधी वाढलेल्या पहिलीच्या बालकांच्या ताटात भातच अधिक पडतो. वाढण्यापूर्वी पातेले तळापासून ढवळले जाते ना, हे शिक्षकबंधुभगिनींनी स्वतः उभे राहून पाहावे.