आधी नख, मग फडकं

पोरी, गडद निळी गाडी घेतलीस ते छानच केलंस, पण गडद रंग काहीही झाकून ठेवत नाही हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. सावलीत गाडी कोरी करकरीत दिसते आणि दुपारी उन्हात काढली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक जाळं उमटतं. स्टीलचं ताट दिव्याखाली धरलं की अशीच वर्तुळं दिसतात. हे चरे प्रत्यक्षात गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात आणि उजेडाला आडवे आलेले तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. तेव्हा कुणी तुला म्हणालं की गोल पुसू नको, सरळ पूस म्हणजे चरे पडणार नाहीत, तर त्यावर विसंबू नकोस. हात कसाही फिरव, फडक्याखाली धूळ असली की चरा पडणारच.

मी हे काम ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद फियाटच्या जमान्यातले. पद्मिनी म्हण, अँबेसेडर म्हण, त्या गाड्यांच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा. रंगच वरपर्यंत. उन्हाने तो पांढुरका, भुकटीसारखा व्हायचा. मग रबिंग कंपाउंड घेऊन दंड भरून येईपर्यंत घासायचं, की खालचा ताजा रंग वर यायचा आणि फडकं गाडीच्या रंगाचं होऊन जायचं. गाडी चमकवायची म्हणजे दाबून घासायची ही आपल्याकडची सवय तिथली आहे, आणि ती अजून गेलेली नाही. आताच्या गाडीला ती चालत नाही.

कारण आता पत्र्यावर गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज कर. गाडीची चकाकी या थरात आहे आणि उन्हापासून रंगाला जपणारी द्रव्यंही यातच आहेत. ओरखडा काढणं म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. बारीक चरा कायमचा घालवायचा घरगुती मार्ग एवढा एकच. बाकी सगळं चरा झाकणारं असतं. गेलेला क्लिअर कोट पुन्हा भरून येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी सगळ्यात सौम्य वस्तूने सुरुवात करायची आणि चरा पुसट झाला की हात थांबवायचा. माझं सगळं सांगणं यातच आलं, पुढे फक्त तपशील आहे.

उस्ताद बाटली उघडायच्या आधी नख लावायचे. तूही तेच कर. चऱ्यावरून नख हलकेच आडवं फिरव. नख अडकत नसेल तर तो घरी निघण्यासारखा आहे. अडकलं तर नाद सोड, कारण त्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट धोक्यात येईल. शंका वाटली तर चऱ्यावर थोडं पाणी शिंपड. पाणी असेपर्यंत चरा नाहीसा झाला तर तो वरच्याच थरात आहे. ओल्या जागीही आत पांढरं, करडं किंवा धातूसारखं काही दिसत असेल तर ते पॉलिशचं काम नव्हे, टचअपचं आहे. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या बाजूला, तो बघून पेन मागव. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज चढत नाही, तिथला चरा थांबू शकतो. दाराच्या पत्र्यावरचा उघडा चरा मात्र पावसाळ्याआधी बुजव. कोकणात, खाऱ्या वाऱ्यात, तर त्याला गंज धरायला वेळच लागत नाही.

आता धुणं. अर्धे चरे काढायला घेतलेल्या दिवशीच नव्याने पडतात, कारण माणसं नीट न धुता घासायला बसतात. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे बरंचसं क्वार्ट्झ. खनिजांच्या कठीणपणाच्या मापात क्वार्ट्झ ७ वर आहे आणि साधी सुरी साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट या दोन्हींहून फार मऊ. तेव्हा आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू दे, हात लावायचा नाही. मग दोन बादल्या घे, एकीत कारचा शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी. टपापासून खाली यायचं आणि प्रत्येक भाग झाला की फडकं साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवायचं. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर वापरू नकोस, त्यांनी वॅक्स निघून जातं. बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घे, नाहीतर क्षारांचे डाग बसतील. टिपायचं म्हणजे मायक्रोफायबर अंगावर ठेवायचं आणि उचलायचं, रगडायचं नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी परत गाडीला लावायचं नाही. कितीही झटकलंस तरी नाही.

वाळल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाल आणि बॉनेटवरून तळवा फिरव. पिशवीतून खरखर जास्त जाणवते. ते डांबराचे, लोखंडाचे, झाडाच्या चिकाचे चिकटून बसलेले कण आहेत. डांबर फडक्याला थोडं रॉकेल लावून निघतं, नंतर तेवढी जागा शॅम्पूने धुऊन टाकायची. बाकीच्यासाठी क्ले बार मिळतो. शॅम्पूच्या पाण्याने जागा ओली ठेवून तो दाब न देता सरकवायचा. मळला की मळून आतली स्वच्छ बाजू वर काढायची आणि हातून पडला तर टाकून द्यायचा. पैशाकडे बघून तो परत वापरलास तर वाळूच घासशील.

दिवस दिवाळीनंतरचा निवड. हवा कोरडी असते आणि सकाळी पत्रा थंड असतो. तळवा ठेवून सहज ठेवता आला पाहिजे, तापल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळून पापुद्रा धरतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असशील तर झाडलोट होऊन धूळ खाली बसल्यावरच सुरू कर. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कागदी मास्किंग टेप लाव, कारण पॉलिशचे पांढरे डाग तिथून निघता निघत नाहीत. दाराच्या कडा आणि बॉडीच्या उठावदार रेषा यांवरही टेप लाव. कडेवर थर पातळ असतो आणि हाताचा सगळा दाब नेमका तिथेच येतो.

पहिला हात कुठे चालवायचा, तर दाराच्या हँडलमागच्या खोलगट जागेत. नखांनी, अंगठ्यांनी, किल्ल्यांनी तिथे ओरखडे पडलेलेच असतात, जागा वाटीएवढी, आणि काही बिनसलं तरी दुरून कुणाला दिसत नाही. तिथे हात बसला की बॉनेटकडे वळ.

दुकानात तीन प्रकारच्या बाटल्या दिसतील. कंपाउंड जास्त कापतं, पॉलिश कमी कापतं, वॅक्स कापत नाही, नुसतं वर बसतं. सुरुवात पॉलिशने. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घे आणि एका वेळी फूटभर लांब, फूटभर रुंद एवढीच जागा धर. पॅडवर सगळा तळवा सपाट राहू दे. बोटाच्या टोकाने दाबलंस तर तेवढीच जागा खोल जाते आणि नंतर उन्हात पट्टा दिसतो. आधी उभे हात, मग आडवे, प्रत्येक हात आधीच्या अर्ध्यावरून. असं केलं की कुठलीही जागा सुटत नाही आणि दुप्पटही होत नाही. दोन-तीन मिनिटांनी पॉलिश पारदर्शक, तेलकट दिसू लागेल. वाळायच्या आत स्वच्छ मायक्रोफायबरने उचलून घे. त्याच जागेवर असं दोन-तीनदा करून बघ. तेवढ्याने फरकच पडला नाही तर कंपाउंड घे, रीत तीच. पण कंपाउंड स्वतःचा एक धुरकटपणा मागे ठेवतं, म्हणून त्यानंतर पॉलिशचा हात फिरवावाच लागतो. गडद रंगावर तर सोडूच नकोस.

फडक्याकडे लक्ष ठेव. तुझ्या गाडीवर क्लिअर कोट आहे, फडक्यावर निळा रंग येता कामा नये. आला तर हात तिथल्या तिथे थांबव. तुझ्या बाबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीसारख्या काही गाड्यांना क्लिअर कोट नसतो, तिथे फडकं पांढरं होणं साहजिक आहे. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीही लावायचं नाही, ती चमकून डागाळते आणि मॅटपणा परत येत नाही. संरक्षक फिल्म लावलेल्या गाडीलाही कंपाउंडपासून दूर ठेव.

काम झालं असं वाटलं की लगेच खूश होऊ नकोस. पुष्कळ पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यात बसतात आणि दोन धुण्यांनी चरा परत वर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून फडक्यावर घे, ती जागा पूस आणि मोबाइलचा उजेड तिरका धरून बघ. त्यानंतरही दिसत नसेल तर चरा खरंच गेला.

खोबरेल तेल, गंजावर मारायचा स्प्रे, बाजारातलं जादूचं कापड, हे सगळं याच झाकण्याच्या जातीतलं. टूथपेस्टचं थोडं वेगळं आहे. तिच्यात घासणारी पूड असतेच, त्यामुळे चरा थोडा फिका पडतो हे खरं. पण ती पूड दातांसाठी केलेली आहे, रंगासाठी नाही, आणि चांगल्या पॉलिशची छोटी बाटली घरी वर्षानुवर्षं पुरते. मी टूथपेस्ट लावणार नाही आणि तूही लावू नकोस. पाण्याचा सँडपेपरही नको, दोन हजार नंबरचा असला तरी. तो जाणत्या हाताचा आहे, आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र जवळ असलं तरच.

सगळी गाडी करायची असेल आणि हाताने होणार नसेल तर बफिंगवाल्याकडे ने, पण आधी त्याचा पॅड बघ. वाळून कडक झालेला, दहा गाड्यांचा मळ धरलेला पॅड असेल तर गाडी वळवून घरी आण. एकाच दिशेने गरगर फिरणारं मशीन कडेवर क्षणभर जास्त टेकलं तरी क्लिअर कोट जळतो. ड्युअल ॲक्शन मशीन असेल तर जोखीम पुष्कळ कमी.

शेवटी वॅक्स, अगदी पातळ. जाड थराने चमक वाढत नाही, नुसता पुसायचा त्रास वाढतो. आपल्या उन्हापावसात ते फार दिवस टिकत नाही, म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा लाव. पक्ष्यांची विष्ठा पडली की ती त्याच दिवशी, ओलं फडकं वर ठेवून, मऊ करून उचल. ती क्लिअर कोटात उतरते आणि मग पॉलिशनेही जात नाही.

एवढं करून पुन्हा चरे का पडतात विचारशील. तुमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा येतात ना, त्यांच्याकडे एक बादली, एक फडकं आणि वीसेक गाड्या असतात. पहिल्या गाडीची वाळू तुझ्या बॉनेटवर येते. त्यांना काढून टाकू नकोस, त्यांचं पोट त्यावर आहे. पगार तोच दे आणि सांग की दादा, फक्त काचा पुसा आणि रविवारी पाइपने पाणी मारा. तुझी दोन फडकी त्यांच्याकडे वेगळी देऊन ठेव. कोरड्या धुळीवर फडकं नको, झटकणीही नको, आणि धुळीच्या गाडीवर कव्हर तर अजिबात नको. वाऱ्याने ते दिवसभर हलतं आणि अंगभर घासतं.

आणि दसऱ्याचं. झेंडूच्या हारात तार असते, ती बॉनेटवर घासते. हार सुती दोऱ्यात ओवून घे, समोरच्या जाळीलाच बांध, बॉनेटवरून ताणू नकोस आणि दुसऱ्या दिवशी काढ, सडक्या फुलांचे डाग पडतात. कुंकवाचं स्वस्तिक रंगावर काढण्यापेक्षा काचेच्या कोपऱ्यात काढ. पूजेला ते तितकंच चालतं.

मागच्या दारावरच्या त्या लांब चऱ्यात नख अडकतं, मी बघितलंय. आत पांढरं दिसत नाही, तेव्हा तो तसाच राहू दे. बाकी बॉनेट या थंडीत एकदा कर, आणि त्यानंतर कंपाउंडची बाटली निदान दोन वर्षं उघडू नकोस.